दिंडीचा स्वयंपाक : पोटभर, चौरस आणि निर्धोक

ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथमहाराजांची पालखी पैठणहून प्रस्थान ठेवते. चनकवाडी, रायमोह, पाटोदा, खर्डा, परांडा, अरण, करकंब अशी गावे मागे टाकीत ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोचते. मधले अठरा-एकोणीस दिवस पालखीबरोबरच्या दिंड्यांचा संसार उघड्यावर असतो. कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे देवळाच्या ओट्यावर, तर कुठे नांगरून ठेवलेल्या रानाच्या कडेला राहुट्या पडतात, ट्रकमधून पातेली उतरतात आणि तासाभरात पन्नास-शंभर माणसांचा स्वयंपाक सुरू होतो. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, हेच दृश्य उलट्या दिशेने दिसते. तेव्हा गावोगावच्या दिंड्या पैठणला येतात आणि गोदाकाठी त्यांच्या चुली पेटतात. शके १५२१, म्हणजे इ. स. १५९९ मध्ये याच तिथीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला, हे वाचकांना सांगायला नकोच.

उघड्यावर, कमी साधनांत, निव्वळ शाकाहारी आणि तरीही दिवसभर चालणाऱ्या माणसाला पुरेल असा स्वयंपाक करण्याचा एवढा मोठा अनुभव क्वचितच कुठे पाहायला मिळेल. ऊसतोडीला जाणारी आपल्या भागातील कुटुंबे तर सहा-सहा महिने तीन दगडांच्या चुलीवर राहतात. शाळांची शिबिरे, सहली, शेतातली वस्ती यांनाही हाच प्रश्न असतो. म्हणून आज या स्वयंपाकाचा आरोग्याच्या दृष्टीने विचार करू.

पहिला प्रश्न, चालणाऱ्याला लागते किती? साधारण ६० किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला, तर त्याचे ५० च्या आसपास उष्मांक (कॅलरी) खर्च होतात. वीस किलोमीटरची मजल असेल तर हजार झाले. यातला काही भाग तो घरी बसून राहिला असता तरी खर्च झालाच असता, हे खरे. पण त्यात पाठीवरचे ओझे, बालाघाटाच्या डोंगराचे चढ आणि संध्याकाळच्या कीर्तनात टाळ घेऊन उभे राहणे धरलेले नाही. मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७०० आणि स्त्रीला सुमारे २,१०० उष्मांक लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मोजमाप आहे. वारीतला खर्च याहून कमी नाही, झाला तर जास्तच. घरी दोन पोळ्या खाणारा माणूस दिंडीत चार भाकरी खातो. त्याला हावरटपणा म्हणू नये, शरीर आपला हिशेब मागत असते.

उष्मांक भरून काढणे तसे सोपे आहे. भात, साखर, तेल यांनी ते होते. खरी अडचण प्रथिनांची. प्रथिने शरीराच्या वजनाच्या दर किलोला रोज सुमारे ०.८ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. स्नायूंची रोजची झीज भरून निघते ती यातून. मटण-अंडी नाहीत म्हणजे ताकद नाही, असा समज अजूनही अनेकांचा आहे. तो चुकीचा आहे. मात्र नुसता भात आणि पातळ आमटी यांवर अठरा दिवस काढले तर अशक्तपणा येतो, आणि त्याचे खापर शाकाहारावर फुटते.

यातली मेख अशी आहे. धान्यातल्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तर डाळीत मेथिओनिन कमी असते. डाळीत लायसिन भरपूर आणि धान्यात मेथिओनिन पुरेसे असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आजीने हे शब्द ऐकले नव्हते, पण पिठले-भाकरी, वरण-भात, खिचडी, पुरणपोळी या तिच्या सगळ्या जोड्या याच हिशेबाच्या आहेत. प्रमाण मात्र सांभाळले पाहिजे. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे कच्च्या वजनाचे प्रमाण धरावे. दिंडीच्या आमटीत पुष्कळदा एक भाग डाळ दहा भाग धान्याला पुरवली जाते, बाकीचे पाणी आणि तिखट. अशी आमटी कितीही झणझणीत असली तरी ती कालवण आहे, आहार नव्हे.

आता पिठले-भाकरीचा हिशेब पाहा. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरींना साधारण १५० ग्रॅम पीठ लागते. त्यातून सुमारे ५०० उष्मांक आणि १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. माणशी ४० ग्रॅम बेसनाचे घट्टसर पिठले केले तर आणखी आठ-नऊ ग्रॅम प्रथिने. वर मूठभर शेंगदाणे घालून केलेला ठेचा घेतला की एका जेवणात दिवसाच्या गरजेतील निम्मी प्रथिने आली! याला शीतकपाट लागत नाही, भाजीबाजार लागत नाही आणि वेळ लागतो अर्धा तास. मुक्कामाच्या पहिल्या जेवणाला पिठल्याची निवड करणाऱ्या माणसाला आमच्या मते आहारशास्त्र कळत होते.

भाकरीसाठी पीठ मात्र घरून अठरा दिवसांचे नेऊ नये. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते आठवड्याभरात कडवट होऊ लागते, आणि पावसाळी हवेत त्याहून लवकर. धान्य सोबत ठेवून वाटेवरच्या गावात तीन-चार दिवसांचे दळून घ्यावे. गिरणी नाही असे मुक्कामाचे गाव आता सापडत नाही.

खिचडी हा दुसरा भरवशाचा पदार्थ. पन्नास माणसांच्या एका वेळेला ५ किलो तांदूळ, अडीच किलो मुगाची डाळ, एक किलो शेंगदाणे आणि पाऊण किलो तेल घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७५० उष्मांक आणि २४-२५ ग्रॅम प्रथिने येतात. तुरीची डाळ चालते, पण ती शिजायला वेळ घेते आणि इंधन खाते. मुगाची डाळ लवकर शिजते, पचायला हलकी, आणि दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही खाता येते. त्यात गाजर, दुधी, शेवग्याची पाने, जे मिळेल ते चिरून टाकावे. वर लिंबू पिळावे. लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. आपल्याकडील स्त्रियांमध्ये रक्तक्षय फार आहे आणि वारीत स्त्रियांची संख्या मोठी आहे, तेव्हा लिंबाची पिशवी ट्रकमध्ये असायलाच हवी. उलट, जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर तासभर अंतराने घ्यावा. चहा अजिबात घेऊ नका असे वारकऱ्यांना सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात प्रवासाला योग्य असे आणखी काही आहे, ते हल्ली मागे पडत चालले आहे. येसर घ्या. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेले हे पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवून टाकले की दहा मिनिटांत दाटसर आमटी तयार होते. मुगाच्या डाळीचे सांडगे वाळवून डब्यात भरले की महिनोन् महिने टिकतात. चिरायला भाजी नसेल त्या मुक्कामी सांडग्यांची भाजी करावी. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे आणि कणकेची वरणफळे हे तर एका पातेल्यात होणारे संपूर्ण जेवण. त्यांत डाळ, धान्य, पाणी, मीठ सगळे आहे आणि भांडे घासायचे एकच. सकाळी चालायला लागण्यापूर्वी हातावर ठेवायला दशमी, धपाटे, भाजलेले फुटाणे आणि गूळ, किंवा सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवून. फुटाण्यांत शंभर ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. बिस्किटाच्या पुड्यात याच्या निम्मीही नसतात, आणि त्याला पैसे जास्त पडतात.

मटकी-मूग भिजवून ओल्या फडक्यात बांधून ट्रकमध्ये टांगले की चालता चालता मोड येतात. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, कडधान्य लवकर शिजते. मात्र वारीच्या दिवसांत हे मोड कच्चे खाऊ नयेत. दमट हवेत ज्या ओलाव्यात मोड वाढतात त्याच ओलाव्यात जंतूही वाढतात. शिजवूनच खावेत.

उरलेले अन्न

पोषणाचा भाग येथवर झाला. पण वाटेत माणसे आजारी पडतात ती बहुधा कमी खाल्ल्याने नव्हे, तर बिघडलेले खाल्ल्याने. याचे कारण समजून घेतले तर अर्धे काम होते.

घरच्या पाच माणसांचा भात आणि शंभर माणसांचा भात यात फक्त आकाराचा फरक नाही. लहान पातेले अर्ध्या तासात निवते. चाळीस लिटरचे पातेले मध्यभागी सहा-सहा तास कोमट राहते. शिजवण्याच्या उष्णतेने बहुतेक जंतू मरतात, पण काहींची बीजे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भातातला बॅसिलस सिरियस आणि डाळ-रश्श्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे त्यांतले. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की ही बीजे उगवतात आणि कोमट अन्नात भराभर वाढतात. दुपारी बाराला केलेला भात रात्री आठला वाढला, तर त्याला वास येत नाही, चव बदलत नाही, आणि तरीही मध्यरात्री ओकाऱ्या सुरू होतात. ‘पुन्हा गरम करून घेतला होता’ असे लोक सांगतात. पण बॅसिलस सिरियसचे ओकारी आणणारे विष उष्णतेने नष्ट होत नाही. स्वयंपाक्याच्या हातावरील फोडातून किंवा चिरेतून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचे विषही तसेच चिवट आहे.

तेव्हा नियम साधा : शिजलेले अन्न दोन तासांत संपवावे, नाहीतर विस्तवावर वाफाळते ठेवावे. दुपारचे रात्रीला नको. जेवणारी माणसे मोजून स्वयंपाक करावा, आणि कमी पडले तर ऐनवेळी पिठले टाकावे. अन्न टाकून देणे आपल्या लोकांच्या जिवावर येते, ते योग्यच आहे. म्हणूनच जास्त करू नये. उरलेच तर भाकरी उरावी. कोरडी भाकरी रात्रभर फडक्यात बांधून ठेवली तरी सकाळी चालते, कारण जंतूंना वाढायला ओलावा लागतो आणि तिच्यात तो कमी असतो. भात, आमटी, उसळ, खीर, दूध घातलेली कोणतीही वस्तू उरू देऊ नये.

ज्याला जुलाब लागले आहेत त्याने स्वयंपाकाला आणि वाढपाला हात लावू नये. थांबल्यावरही दोन दिवस नाही. हा नियम दिंडीच्या प्रमुखाने थोडा कठोरपणे पाळावा. सेवा करण्याची त्याची इच्छा मोडावी लागते, पण त्याला सामान मोजायला बसवता येते. बोटाला जखम असेल तर परातीत हात घालू नये. पातेल्याजवळ साबण आणि पाण्याचा तांब्या कायम असावा. पितळेच्या भांड्यांना निघण्यापूर्वी कल्हई करून घ्यावी. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा कढी केली तर तांबे उतरून मळमळ होते.

एकादशीचा विषय वेगळा काढला पाहिजे. पालखीच्या प्रवासातच ज्येष्ठ वद्य एकादशी येते. त्या दिवशी मुक्काम नसतो, चालणे असतेच, आणि पोटात साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, प्रथिने नावालाच. त्यात दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे, सोबत ताजे दही किंवा दूध, राजगिऱ्याचे लाडू, केळी घ्यावीत.

भगरीबाबत मात्र सावध राहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीच्या दिवशी भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा रस्त्यावरच दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. मराठवाड्यातही उपवासाच्या दिवसांत अशा बातम्या येतच असतात. भगरीला ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते, आणि काही बुरशींची विषे शिजवूनही जात नाहीत. त्यातही भगरीचे पीठ अधिक धोक्याचे, कारण ते ओलावा लवकर ओढते आणि बुरशी डोळ्यांना दिसत नाही. अन्न व औषध प्रशासनही दरवर्षी हेच सांगत असते. सुटी भगर घेऊ नये. तारीख असलेले बंद पाकीट घ्यावे, निवडून, धुऊन, उन्हात वाळवून लागेल तेवढीच वापरावी. पीठ हवे असेल तर त्याच दिवशी दळावे. पावसात भिजलेल्या ट्रकमधले पोते एकादशीला उघडू नये. पारण्याच्या दिवशीही पहिले जेवण मऊ खिचडीचे असावे, भज्यांचे नको.

पाणी

नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा प्रत्येक पैठणकराला पाठ आहे. पालखीच्या वाटेवर तहान अजूनही मोठी आहे, पण आता भीती पाण्याच्या अभावापेक्षा पाण्याच्या प्रतीची. पहिला पाऊस पडला की रानातली घाण वाहून विहिरी-ओढ्यांत येते. नेमक्या त्याच पंधरवड्यात हजारो माणसे त्या पाण्यावर उतरतात.

तुरटी फिरवली की पाणी स्वच्छ दिसते. पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. ते मारायला क्लोरीन हवे. टाकीसाठी आरोग्य खात्याची टी.सी.एल. पावडर वापरतात : हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पावडर बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. त्यानंतर अर्धा तास थांबणे आवश्यक आहे. घाईत हा अर्धा तासच गाळला जातो. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन. जुन्या, हवा लागलेल्या पावडरीत जोर राहत नाही. मुक्कामी आरोग्य पथक असते, त्यांच्याकडून ओ.टी. तपासणी करून घ्यावी. पाण्याला औषधाचा किंचित वास येतो म्हणून नाक मुरडणारे असतात. तो वास आहे तोवर निश्चिंत राहावे. आजारी, गरोदर आणि लहान मुलांसाठी पाणी उकळूनच घ्यावे; खळाखळा उकळी आल्यावर मिनिटभर पुरे.

चालताना घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिल्याने पिंढऱ्यांत गोळे येतात, डोके जड होते. ताक, लिंबूपाणी, मीठ घातलेली पेज, पातळ वरणाचे पाणी हे सगळे चालते. ताकाचे दही त्याच दिवशीचे आणि पाणी शुद्ध असावे. वाटेवरचा बर्फ घालू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी लोणचे-पापडाचे मीठ टाळावे, आणि ताकातले मीठ किती घ्यायचे हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

मधुमेहाच्या रुग्णांचे असे की, एरवीची गोळी किंवा इन्सुलिन तेवढेच घेऊन दहा-पंधरा किलोमीटर चालले आणि जेवणाला उशीर झाला, तर रक्तातील साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. तेव्हा साखर किंवा गूळ तोंडात टाकून बसावे. खिशात पुडी हवीच. अशा रुग्णांनी एकादशीचा कडक उपवास चालत करू नये. ‘माउली सांभाळून घेईल’ असे म्हणून गोळ्या घरी ठेवून येणारे दर वर्षी भेटतात. त्यांच्या घरच्यांनी पिशवी भरतानाच लक्ष घालावे.

वाटेवरची गावे मायेने वाढतात. सकाळी पोहे, दहाला केळी, बाराला पिठले-भाकरी, तीनला भजी, असे दिवसभर चालू असते. कोणाला नाही म्हणवत नाही. पण दिंडीत भिशी भरलेली असते, तेथील जेवणही होते, आणि मग पोट बिघडते. एका वेळी एकाच पंगतीला बसावे. कापून ठेवलेली फळे आणि माशा बसलेली मिठाई कपाळाला लावून बाजूला ठेवावी. केळी स्वतः सोलून खावे.

एवढे करूनही जुलाब लागले तर ओ.आर.एस.चे पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट घ्यावे. निम्मे पाकीट निम्म्या तांब्यात, असा अंदाज चालत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून नवे करावे. मऊ भात, वरण, केळे चालू ठेवावे, पोट उपाशी ठेवू नये. शौचातून रक्त पडत असेल, लघवी सहा तासांत झाली नसेल, उलटीमुळे पाणी ठरत नसेल किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला असेल, तर पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. एकाच पंगतीतील दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर उरलेले अन्न ओतून न देता झाकून ठेवावे आणि आरोग्य पथकाला दाखवावे.